पिंपळाचे पान लाकडावर उतरते, पण जिवंत का वाटत नाही?

प्रश्न : संध्यामठ

नमस्कार. गेले दीड वर्ष मी लाकडावर तापलेल्या निबने चित्रे काढते आहे. सुरुवात २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नवर केली आणि सहा महिन्यांपूर्वी तापमान कमी-जास्त करता येणारे, तारेच्या निबचे पायरोग्राफीचे यंत्र घेतले. राहायला कोल्हापुरात रंकाळा तलावाजवळ असल्यामुळे रोज सकाळी काठाने फेरी होते आणि परतताना पिशवीत काही ना काही येतेच. कधी पिंपळाचे पान, कधी गुलमोहराची शेंग, कधी गळून पडलेल्या सालीचा तुकडा. माझ्या चित्रांचे विषयही तेच असतात.

गेल्या महिन्यात शिवणीच्या फळीवर पिंपळाचे पान काढले. फोटो सोबत जोडला आहे. रेघा स्वच्छ आल्या आहेत, आकार मोजून घेतला होता, शिरांची संख्याही बरोबर आहे. तरीही ते पान लग्नपत्रिकेवरच्या नक्षीसारखे दिसते. ज्या पानावरून काढले ते शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो, पण तो नेमका कशात आहे हे मला सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट विचारताना थोडा संकोच वाटतो. ज्या कार्यशाळेत मी ही कला शिकले, तिथे आम्हाला सांगितले होते की हे काम म्हणजे ध्यानच आहे, निब हातात घेतली की मन आपोआप शांत होते. माझ्या बाबतीत उलट घडते. पानाचे लांब टोक काढताना माझा श्वास अडकलेला असतो, दात आवळलेले असतात आणि दोन तासांनी उठते तेव्हा उजवा खांदा दगडासारखा झालेला असतो. या पानाच्या अगदी टोकाशी निब अर्धा सेकंद थबकली आणि तिथे मोहरीएवढा काळा मणी उमटला. फोटोत तो दिसेल.

तेव्हा मला सुधारायचे आहे ते काय, हात, साधन की डोळा? आणि निसर्गातली वस्तू सजगपणे पाहणे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे, हे कोणी अनुभवावरून सांगाल का? माझ्याकडे शिवणीची आणखी एकच फळी आहे. बाकी सगळ्या पॅकिंगच्या खोक्यांच्या पाईनच्या आहेत.

उत्तर : रंधापटाशी

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे आणि मी स्वतः आठ-नऊ वर्षे लाकडावर जाळून चित्रे काढतो, त्यामुळे लाकडापासून सुरुवात करतो.

पॅकिंगच्या फळ्या वापरण्याआधी त्यांच्यावरचा शिक्का पाहा. परदेशातून आलेल्या खोक्यांवर गव्हाच्या कणसाच्या चिन्हाशेजारी एचटी किंवा एमबी अशी अक्षरे असतात. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली फळी आणि एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. एमबीची फळी जाळू नये. शिक्का नसलेली, तेलकट डाग असलेली किंवा औषधाचा वास येणारी फळीही बाजूला ठेवावी. एमडीएफ आणि प्लायवूड यांच्या गोंदाचा धूर तर कोणीही छातीत घेऊ नये. काम करताना फळी थोडी उभी कलती ठेवा, म्हणजे धूर सरळ तोंडावर येणार नाही. पंखा मात्र फळीवर वारा मारणारा नको, धूर ओढून खिडकीबाहेर टाकणारा हवा. समोरून वारा आला की बारीक निब थंड होते आणि रेघ मधेच फिकी पडते.

पाईनची दुसरी अडचण म्हणजे तिचे पट्टे. झाडाच्या एका वर्षाच्या वाढीत आधी मऊ, फिकट लाकूड येते आणि मग कठीण, गडद. मऊ पट्ट्यात निब लोण्यासारखी आत जाते आणि कठीण पट्ट्यावर अडखळून उडी मारते, त्यात राळ असली तर चर्र होऊन डाग पसरतो. तुमचा खांदा आवळला जातो त्याचे निम्मे कारण मला इथे दिसते, कारण दीड वर्ष तुमचा हात प्रत्येक पट्ट्याशी झगडत आला आहे. शिवण फिकट, हलकी आणि बऱ्यापैकी एकसारखी असते. हेदूची फळी मिळाली तर तीही घ्या, तिचा पोत फार बारीक असतो. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, मग ओलसर फडका फिरवून उठलेले तूस वाळू द्यायचे आणि शेवटी ३२० नंबरने हलक्या हाताने घासायचे. ही शेवटची पायरी बहुतेक जण टाळतात आणि मग निब का अडकते म्हणून विचारतात.

आता तो मणी. निब टेकवताना आणि उचलताना हात चालता असला पाहिजे. घार पाण्यावर येते, मासा उचलते आणि न थांबता वर जाते, तशी निबने फळीवर यावे आणि जावे. निब जिथे थांबते तिथे उष्णता साचते. लाकूड साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे रंग बदलू लागते, आधी बदामी, मग तपकिरी, मग कोळसा. त्यामुळे किती तापवता आणि किती वेळ टेकवता, या दोनच गोष्टींवर छटा ठरते. दाब देऊन काहीच साधत नाही, फक्त फळीत चर पडते. यंत्राचे तापमान आज वापरता त्यापेक्षा बरेच कमी करा आणि एकाच जागेवरून तीन-चार वेळा जा.

निबवर काजळी साचली की ती उष्णता अडवते. मी ती निब थंड झाल्यावर कोल्हापुरी चपलेच्या चामड्याच्या तुकड्यावर घासून काढतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या त्या चामड्याइतके चांगले साधन मला मिळालेले नाही, आणि चप्पल बनवणाऱ्यांकडे कातरणे सहज मिळतात.

एवढे सगळे सांगितले तरी प्रामाणिकपणे सांगतो, तुमच्या फोटोतल्या रेघा माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. आगीला पांढरा रंग नाही, ती फक्त गडद करू शकते. जे उजळ दिसायला हवे ते न जाळता सोडावे लागते आणि काय सोडायचे ते आधी ठरवावे लागते. तुमच्या पानात सोडलेले काहीच नाही. याबद्दल माझ्यापेक्षा जाणकारांनी लिहावे.

उत्तर : ऐनाची साल

मी निवृत्त शिक्षिका आहे, वनस्पतीशास्त्र शिकवले, आणि दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना पिंपळाचे पान न बघता काढायला सांगत असे. सगळ्यांच्या वहीत तुमच्या फळीवरचे पान येत असे: बदामाचा आकार, सभोवती गडद रेघ, मधोमध एक काळी शीर आणि तिला दोन्हीकडून फुटलेल्या काळ्या शिरा. मग मी प्रत्येकाच्या हातात खरे पान देऊन एकच प्रश्न विचारत असे, शीर पानापेक्षा गडद आहे की फिकी?

आता तुमच्या शेजारचे ते पान घ्या आणि खिडकीपाशी टेबलावर ठेवून पाहा. पिंपळाच्या हिरव्या पानाच्या शिरा फिकट, पिवळसर असतात. गडद आहे तो शिरांच्या मधला भाग. तुम्ही फिकट गोष्ट सर्वांत काळी केली आहे आणि गडद गोष्ट कोरी सोडली आहे. तुमचा हात याला जबाबदार नाही. शीर म्हणजे रेघ आणि रेघ म्हणजे काळी, हे आपल्याला पेन्सिल हातात आली त्या दिवसापासून ठाऊक असते, आणि ते ठाऊक असणे डोळ्यांच्या आधी हातापर्यंत पोहोचते. सजगपणे पाहणे याचा मी लावलेला अर्थ एवढाच, की ठाऊक असलेले थोडा वेळ बाजूला ठेवून समोर असलेल्याला बोलू द्यावे.

त्यासाठी काय करायचे ते सांगते. पान समोर ठेवून वीस मिनिटे काहीही काढायचे नाही. पहिल्या पाच मिनिटांत सगळे पाहून झाले असे वाटते आणि कंटाळा येतो. तो येऊ द्यावा, कारण खरे पाहणे त्याच्या पलीकडे सुरू होते. बाजूच्या शिरेच्या मागे बोट लावावे तशी नजर न्या. ती कडेपर्यंत जाऊन संपत नाही, कडेच्या थोडे अलीकडे वळते आणि पुढच्या शिरेला मिळते, म्हणून पानाच्या काठाला आतून कमानींची एक ओळ तयार होते. पानाची कड सरळ नसते, तिला हलकी लाट असते आणि त्या लाटेमुळे एक बाजू उजेडात, एक सावलीत जाते. तुमच्या चित्रात सभोवती जी एकसारखी काळी रेघ आहे, तशी रेघ खऱ्या पानाला कुठेच नाही. कडा दिसते ती पानाची छटा आणि मागची छटा वेगळ्या असतात म्हणून. जिथे त्या दोन्ही सारख्या होतात तिथे कडा हरवते, आणि चित्रातही ती तिथे हरवू द्यावी.

नंतर डोळे मिटून तेच पान बोटांनी पाहा. वरची बाजू गुळगुळीत लागते, खालच्या बाजूला शिरा उठलेल्या हाताला लागतात. मग वहीत पाच ओळी लिहा, चित्र नको, शब्दच. माझा अनुभव असा आहे की ज्याला शब्द सापडत नाही ते आपण अजून पाहिलेले नसते. जुन्या पुस्तकात ठेवलेले जाळीदार पिंपळपान तुमच्या घरी असेल तर तेही जवळ ठेवा, त्यात शिरांचे सगळे जाळे उघडे पडलेले असते.

साल काढायची असेल तर ऐन निवडा. दाजीपूरच्या अभयारण्यात ऐनाचे खोड मगरीच्या पाठीसारखे चौकोनी चौकोनी भेगाळलेले दिसते आणि जवळपासच नाणा उभा असतो, ज्याची साल गुळगुळीत, फिकट आणि सोलून निघणारी. दोन्हींचे रंग शेजारी पाहिले की केवळ उष्णतेच्या छटांनी किती सांगता येईल ते कळते. अभयारण्यातून काहीही उचलून आणू नये आणि कोणत्याही झाडाची साल सोलू नये, हे तुम्हाला सांगायची गरज नसेल, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. वही घेऊन जावे आणि तिथेच बसावे.

आणखी एक. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे, तिथली पावडर शेडिंगची चित्रे मुद्दाम पाहून या. रेघेचा आधार न घेता नुसत्या छटांवर आकार कसा उभा राहतो, हे तिथे समोर दिसते आणि तुमच्या कामाला ते फार जवळचे आहे. आपल्याच गावचे चित्रकार आबालाल रहिमान आपल्या भोवतालचा हाच परिसर वेगवेगळ्या वेळच्या उजेडात रंगवत राहिले. ज्या काठाने तुम्ही रोज फेरी मारता तोच. नवे विषय शोधण्यापेक्षा तेच पान पुन्हा पाहण्यात अधिक मिळते, असे मला त्यांची चित्रे पाहताना नेहमी वाटत आले आहे.

उत्तर : पंचगंगाकाठ

बाईंचे म्हणणे पटले, पण एक बाजू मांडावीशी वाटते. पिंपळाच्या पानाची नक्षी आपल्याकडे दागिन्यांत आहे, दारांवर आहे, रांगोळीत आहे, आणि ती खऱ्या पानासारखी नाही म्हणून कमी प्रतीची ठरत नाही. लग्नपत्रिकेसारखे दिसते हा दोषच मानायचा का? मी स्वतः देव्हाऱ्याच्या चौकटीवर जाळून वेलबुट्टी करतो, तिथे प्रत्येक पान वेगळे काढले तर चौकट विस्कटेल.

उत्तर : ऐनाची साल

आपले म्हणणे योग्य आहे आणि मी नक्षीला कमी लेखत नाही. ज्याने पहिल्यांदा ती नक्षी बसवली त्याने पान नीट पाहिलेच असणार. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे त्याने जाणून ठरवले. ताईंनी ठरवून नक्षी काढली असती तर मी काहीच बोलले नसते. त्यांना पान काढायचे होते आणि नक्षी झाली, म्हणून एवढे लिहिले.

उत्तर : आनापान

खांद्याच्या आणि शांततेच्या प्रश्नाकडे कोणी फारसे वळले नाही, म्हणून त्यापुरते लिहितो. मी बारा वर्षे आनापानाचा, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष ठेवण्याच्या ध्यानाचा, अभ्यास करतो आणि सुट्टीच्या दिवशी लाकडावर पक्षी काढतो, बहुतेक खंड्या आणि वंचक.

ताई, निब हातात घेतली की मन शांत होते, हे वाक्य आपण मनातून काढून टाकावे अशी माझी विनंती आहे. त्या वाक्यामुळे आपल्यावर दोन कामे पडली आहेत, एक पान काढण्याचे आणि दुसरे शांत होण्याचे, आणि दुसरे जमत नाही याची टोचणी पहिल्या कामात उतरते. पाली भाषेत ज्याला सती म्हणतात त्याचा अर्थ शांतता असा नाही. स्मृती या संस्कृत शब्दाचेच ते रूप आहे. भान राखणे, आता काय चालले आहे ते विसरू न देणे, असा त्याचा रोख आहे. दात आवळले आहेत हे दात आवळलेले असतानाच कळणे, ही सजगताच आहे. आपल्याला ते कळते आहे, म्हणून तर आपण इतके नेमके लिहू शकलात.

एक फरक मात्र स्पष्ट ठेवावा. आनापानात श्वास जसा चालतो तसा पाहायचा असतो, त्याला वळण द्यायचे नसते. रेघ ओढताना आपण श्वासाचा उपयोग करतो, ती कारागिरीची युक्ती आहे आणि तिला ध्यान म्हणण्याची गरज नाही. युक्ती अशी: लांब रेघ श्वास सोडायला सुरुवात झाल्यावर घ्यावी आणि श्वास संपायच्या आत निब उचलावी. पिंपळाचे टोक एका श्वासात मावत नसेल तर दोन रेघांत काढावे, दुसरी रेघ पहिलीच्या अंगावरून हलकेच सुरू करावी, सांधा दिसत नाही. श्वास रोखला की छाती, खांदा आणि मनगट एकदम घट्ट होतात आणि नेमकी त्याच क्षणी निब थबकते. आपला तो काळा मणी मला उष्णतेपेक्षा रोखलेल्या श्वासाचा वाटतो.

बैठकही तपासावी. कोपर टेबलावर टेकलेले हवे आणि फळी फिरवता आली पाहिजे, मनगट फिरवायला लागू नये. दोन तास सलग बसू नये. मी पंचवीस मिनिटांनी यंत्र बंद करतो, निब थंड होईपर्यंत उठून गच्चीवर जातो आणि लांबचे काहीतरी पाहतो. ज्योतिबाचा डोंगर दिसला तर उत्तम.

संध्यामठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

बाई, पहिल्या दिवशी वीस मिनिटे बसणे मला जमले नाही. अकराव्या मिनिटाला उठले आणि कुकर लावला. दुसऱ्या दिवशी पान घेऊन रंकाळ्याच्या कट्ट्यावरच बसले. शिरा फिकट आहेत हे दिसले तेव्हा मला थोडे रडू आले, कारण दीड वर्षात अशी किमान चाळीस पाने मी हातात घेतली असतील. त्यानंतर आपल्या उत्तरात नसलेलेही एक दिसले. तेच पान उचलून उगवत्या सूर्यासमोर धरले तर पानाचा पातळ भाग उजळून निघतो, बारीक शिरा त्याहून उजळ होतात, पण मधली जाड शीर देठाजवळ काळपट दिसू लागते. म्हणजे शीर फिकट की गडद याचे उत्तर उजेड कुठून येतो यावर अवलंबून आहे. आता मी फळीच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवते: उजेड डावीकडून, सकाळचे आठ.

दादा, पॅकिंगच्या फळ्या उलटून पाहिल्या. तीन फळ्यांवर एचटी होते, एकीवर एमबी आणि दोन कोऱ्या. एमबीची आणि कोऱ्या दोन्ही मी बाजूला काढल्या. एमबीच्याच फळीच्या दुसऱ्या अर्ध्यावर मी दिवाळीत एका नातेवाइकांसाठी घराची पाटी केली होती आणि तेव्हा दोन दिवस डोके दुखत होते. कारण तेच होते असे मी म्हणत नाही, पण तेव्हा शिक्का पाहायला हवा होता. एचटीच्या फळ्यांवर आता फक्त छटांचा सराव करते. एका फळीवर बारा चौकोन आखले आणि तापमान न बदलता फक्त वेग बदलून बदामीपासून काळ्यापर्यंत जायचा प्रयत्न केला. पहिल्या प्रयत्नात पाचच छटा वेगळ्या आल्या, परवा नऊ आल्या. पट्ट्यांवर हात अजून अडखळतो.

श्वासाची युक्ती मला सर्वांत आधी लागू पडली. शांत वाटते का हे आता मी स्वतःला विचारत नाही. दात आवळल्याचे कळले की निब उचलते, इतकेच.

शिवणीची दुसरी फळी काल पूर्ण झाली. कडेची रेघ कुठेच ओढली नाही. आधी शिरांच्या दोन्ही अंगांना अगदी हलकी बदामी छटा दिली, मग शिरांच्या मधले कप्पे एकेक करून चमच्यासारख्या निबने गडद केले, आणि शिरा म्हणून जे दिसते ते कोरे लाकूड आहे. कडेजवळच्या कमानी नऊ जमल्या, दोन बिघडल्या. त्यातली एक पात्याने खरवडून थोडी सावरली. डाव्या बाजूला, जिथे उजेड पडतो, तिथे पानाची कड फळीत मिसळून गेली आहे. मुलाने पाहिले आणि विचारले की इथे काढायचे राहिले का. मी त्याला हातात खरे पान दिले आणि खिडकीपाशी उभे केले.

फोटो सोबत आहे. टोकाशी या वेळी मणी नाही, पण टोक प्रत्यक्षापेक्षा थोडे आखूड झाले आहे, कारण श्वास आधी संपला. बाई, पुढच्या रविवारी दाजीपूरला जाणार आहोत. ऐनापाशी बसायला सकाळचा उजेड बरा की दुपार उलटल्यानंतरचा, एवढे सांगाल का?

उत्तर : ऐनाची साल

सकाळचा, नऊच्या आत. ऊन तिरपे असते तोवर भेगांत सावली उतरलेली असते. ते डोक्यावर आले की खोड सपाट दिसते. पाने झडलेली असतील तर आणखी सोपे. फोटोतल्या डाव्या कडेला हात लावू नका, ती तशीच असू द्या.